मधल्या सुट्टीतले एकटे मूल



मूल शाळेत रमले आहे की नाही हे पाहायचे असेल, तर मधल्या सुट्टीची घंटा झाल्यावर मैदानाच्या कडेला जाऊन उभे राहा. वर्गात सगळीच मुले रांगेत बसलेली असतात, तिथे फारसे कळत नाही. खिचडी खाऊन ताटल्या धुऊन ठेवल्या, की दहा मिनिटांत मैदानावर टोळकी जमतात. कोणी लंगडी घालते, कोणी चिंचेखाली सागरगोटे मांडते. आणि मग एखादे मूल दिसते. भिंतीला पाठ लावून, हातातल्या काटकीने मातीत उगीच रेघा ओढत असते. आज मी त्या मुलाविषयी बोलणार आहे.

मी चाकणजवळच्या एका गावात शिकवतो. चाकणचा बाजार कांद्यासाठी नावाजलेला. आमच्या शिवारातही कांदा होई, आता त्या शिवारात कारखान्यांच्या पत्र्याच्या छपरांची रांग आहे. हे एका दिवसात झाले नाही. पिंपरीला 1954 साली पेनिसिलिनचा सरकारी कारखाना, हिंदुस्थान अँटिबायोटिक्स, स्थापन झाला. 1962 साली राज्याचे औद्योगिक विकास महामंडळ निघाले, त्या दशकात टेल्को आली, भोसरी-चिंचवड-आकुर्डीची माळराने भरली. 1982 साली पिंपरी-चिंचवडची महानगरपालिका झाली. पुढे कारखाने इंद्रायणी ओलांडून चाकणकडे सरकले. 2009 साली इथे फोक्सवॅगनची गाडी बनू लागली. 2001 च्या जनगणनेत पिंपरी-चिंचवडची वस्ती दहा लाखांच्या थोडी पुढे होती, ती 2011 साली सतरा लाखांवर गेली. एवढी माणसे काही इथल्या पाळण्यात वाढली नाहीत. बरीचशी एस. टी. ने आली, रेल्वेने आली. बीड, लातूर, नांदेडहून, बिहार आणि उत्तर प्रदेशातून.

मोठा माणूस येतो तो पोटासाठी, मनाशी ठरवून येतो. मुलाला मात्र कोणी विचारलेले नसते. आजोबा, गोठ्यातले वासरू, विहिरीवरचे सवंगडी हे सारे एका रात्रीत मागे राहते आणि सकाळी दहा बाय दहाच्या खोलीत डोळे उघडतात.

अशा मुलाला प्रवेश देण्याचे कायद्याने सोपे केले आहे. शिक्षण हक्काचा 2009 चा कायदा सांगतो की दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवायचा नाही, आणि मुलाला त्याच्या वयाच्या वर्गात बसवायचे. पालकांनो, हे ध्यानात ठेवा. पण हजेरीपटावर नाव चढणे वेगळे आणि वर्गातल्या मुलांत मूल सामावणे वेगळे. दुसऱ्या कामाला कित्येक दिवस लागतात, आणि त्याची नोंद कुठल्याच रजिस्टरात होत नाही.

आता माझी चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी चौथीच्या वर्गात लातूरकडचा एक मुलगा आला. नऊ वर्षांचा. विचारले तर उत्तर देई, पण इतके हळू की पहिल्या बाकावरही ऐकू जाऊ नये. मी दोनतीनदा दरडावले, ‘मोठ्याने बोल.’ तो आणखीनच मिटला. पहिल्या सत्राच्या शेवटी मी नोंदवहीत लिहिले: ‘अबोल. आकलन मंद.’

दिवाळीनंतर त्याची आई शाळेत आली. नोंद ऐकून ती म्हणाली, “गुरुजी, मंद नाही हो त्यो. त्याच्या बापाला रातपाळी असती. दिवसा ते झोपत्यात. खोली एकच. घरात मोठ्यानं बोलायची चोरी हाय.”

मला शरमल्यासारखे झाले. सकाळी उठल्यापासून ज्या पोराच्या कानावर एकच वाक्य पडते, ‘हळू बोल, बाबा झोपलेत’, ते पोर शाळेत कुठून ओरडणार? त्यातून त्याने पहिल्या दिवशी शेजारच्या मुलाला विचारले होते, “काय करायलास?” त्यांच्याकडे तसेच बोलतात. इकडे ‘काय करतोस’ म्हणतात. सगळी रांग हसली. तिसऱ्या दिवसापासून त्याने विचारणेच सोडले. हे मला पुढे मुलांकडून कळले. मी वर्गातच होतो आणि मला दिसले नव्हते.

या गोष्टीला दुसरीही बाजू आहे, आणि ती आपण विसरतो. त्याच वर्गात त्याच्या घरमालकाचा मुलगा होता. जमीन गेली, पैसे आले, त्या पैशांतून वडिलांनी पंधरा-वीस खोल्यांची चाळ बांधून भाड्याने दिली. एकदा खेळात दोघांची जुंपली, तेव्हा हा म्हणाला, “आमच्या खोलीत राहतो अन् आम्हालाच शिकवतो!” दुसऱ्याने त्याला ढकलले. कोपर फुटले.

ऐकणाऱ्याला वाटेल, काय हा माज! पण या मुलाचे आजोबा दिवसभर ओट्यावर बसून जिथे आपले वावर होते त्या दिशेला पाहत असतात. घरात पैशांवरून चुलत्यांशी तंटे. जुने सवंगडी शहरातल्या इंग्रजी शाळांत गेलेले. गाव त्याचेच, पण ओळखीचे तोंड दिसत नाही. तोही आपल्या जागी उपराच झाला होता. एवढेच की त्याचा एकटेपणा आवाज करी, दुसऱ्याचा करत नसे.

मी काय केले? आधी चुकीचेच. दोघांना सगळ्यांसमोर उभे करून हात मिळवायला लावले आणि बंधुभावावर दहा मिनिटे बोललो. हात मिळाले, डोळे मिळाले नाहीत. दुसऱ्या दिवशी भांडण फाटकाबाहेर गेले.

मग व्याख्यान बंद केले आणि दोघांना काम दिले. मधल्या सुट्टीत खिचडीचे पातेले वर्गापर्यंत आणायचे. पातेले मोठे, त्याला दोन कड्या. एकाने पाऊल भराभर टाकले तर दुसऱ्याच्या पायावर सांडते. पहिला आठवडा कुरकुर झाली. नंतर मी पाहिले, दोघे एकमेकांना ‘थांब’, ‘उचल’, ‘हळू’ असे म्हणू लागले होते. एवढ्या तीन शब्दांवर बोलणे सुरू झाले. तेही काही दिवस तेवढेच राहिले. मी घाई केली नाही.

पुढचे काम खेळाने केले. लंगडी, खो-खो हे आपले जुने खेळ मोठे शहाणे आहेत. त्यांत आपला डाव येईपर्यंत थांबावे लागते, बाद झाल्यावर मुकाट्याने बाहेर यावे लागते, आणि भिडूवर विसंबावे लागते. लातूरचा पोरगा लंगडीत पक्का निघाला. एकदा त्याने लागोपाठ चार गडी टिपले. त्या दिवशी पाठीवर थाप मारणारा पहिला हात घरमालकाच्या मुलाचा होता. तरी शिक्षकांना एक सांगतो, गडी निवडायचे काम नेहमी मुलांवर सोडू नका. तेच मूल रोज शेवटी उरते, आणि उरणे काय असते ते त्यालाच ठाऊक. कधी चिठ्ठ्या टाका, कधी हजेरीच्या क्रमाने संघ पाडा.

तारा मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले. बोलावून मुले येईनात, तेव्हा त्यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. पुढे कोसबाडला गुरे राखणाऱ्या पोरांसाठी कुरणात शाळा भरवली. आपल्यालाही निदान भिंतीपर्यंत चालत जाता येईल. बाकी मुलांसमोर ‘तू का खेळत नाहीस?’ असे मात्र विचारू नका. त्याच्याजवळ उत्तर असते तर तो खेळतच असता. ‘चल, माझ्याबरोबर फळा पुसायला ये’ म्हणा.

आईबापांना थोडे सांगायचे आहे. पाळीचे वेळापत्रक तुमच्या हाती नाही, हे मी जाणतो. पण रात्रपाळीच्या आठवड्यात बापाची झोप होईस्तोवर मुलाला ओट्यावर, मंदिरात, शेजारी कुठे तरी मोकळ्या गळ्याने बोलायला जागा करून द्या. बाप उठला की चहा घेता घेता पाव तास मुलासाठी ठेवा, आणि तेवढा वेळ मोबाईल उशीखाली जाऊ द्या. ‘काय शिकलास’ हे रोजचेच झाले. ‘आज कुणाबरोबर खेळलास’ हे विचारून बघा. ‘कुणीच नाही’ असे उत्तर दोन आठवडे आले, तर शाळेत या. आणि मुलगा असून रडतोस काय, हे वाक्य घरातून काढून टाका. ज्याला रडू दिले जात नाही, ते पोर हात उगारून रडते.

काही मुलांची गोष्ट एवढ्याने भागत नाही. मूल जेवेनासे झाले, पुन्हा अंथरूण ओले करू लागले, रोज सकाळी शाळेच्या नावाने पोटात दुखू लागले, तर त्याला ढोंग म्हणू नका, मारू तर मुळीच नका. प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टरांना दाखवा. शाळेत मार आणि मानसिक छळ या दोहोंनाही त्या कायद्याने बंदी आहे, हे आम्हा शिक्षकांनाही अधूनमधून आठवावे लागते.

तो लातूरचा मुलगा पाचवीच्या मध्यावर गेला. वडिलांच्या ठेक्याचे काम संपले, दुसरे रांजणगावला मिळाले. दाखला न्यायला आईबरोबर तो आला, आणि घरमालकाचा मुलगा काही काम नसताना कार्यालयाच्या दाराशी घुटमळत होता. मी जुनी नोंद काढून पाहिली. ती खोडता येत नाही. म्हणून दाखल्याला एक चिठ्ठी टाचली, नव्या शाळेतल्या गुरुजींसाठी: ‘हळू बोलतो. वडील रात्रपाळीला असतात. लंगडी फार छान घालतो, पहिल्याच दिवशी खेळायला घ्यावे.’