बातमीच्या वेषातील जाहिरात

जाहिरात ओळखण्याची वाचकाला सवय असते. चौकट, ठळक अक्षरे आणि किंमत दिसली की तो आपोआप सावध होतो. तोच मजकूर बातमीच्या वेषात पुढे आला, की ही सावधगिरी गळून पडते. आणि इंटरनेटवरील लबाड विक्रेत्याला नेमके तेच हवे असते.

याचे गाजलेले उदाहरण अमेरिकेतील आहे. ॲमेझॉनच्या खोऱ्यात ताडवर्गीय झाडाला असाई नावाचे जांभळे फळ लागते. त्याच्या गोळ्यांनी चार आठवड्यांत २५ पौंड, म्हणजे सुमारे ११ किलो, वजन उतरते, अशा 'बातम्या' तेथे झळकू लागल्या. पानाच्या माथ्यावर वृत्तवाहिनीला शोभेल असे नाव, खाली नामांकित वाहिन्यांची बोधचिन्हे, आणि आधी शंका घेऊन मग स्वतःवर प्रयोग करणारी एक वार्ताहर, असा सारा थाट होता. एप्रिल २०११ मध्ये तेथील फेडरल ट्रेड कमिशनने अशी पाने चालविणाऱ्या दहा चालकांना न्यायालयात खेचले. वार्ताहर नाही, प्रयोग नाही, वाचकांचे अभिप्रायसुद्धा बनावट, असे आयोगाचे म्हणणे होते. अशा कित्येक पानांवर जिचे छायाचित्र वापरले गेले, ती मेलिसा तेरिओ ही फ्रान्समधील खरीखुरी वृत्तनिवेदिका. या गोळ्यांशी तिचा काडीचाही संबंध नव्हता. पाने चालविणारे गोळ्या तयार करीत नव्हते. गिऱ्हाईक दुकानापर्यंत पोहोचविले, की त्यांना दलाली मिळे.

हा दलालीचा धागा ध्यानी ठेवला, की असे पान तपासणे सोपे जाते. खरी बातमी वाचून संपते. ही बातमी वाचकाला कोठेतरी नेऊन सोडण्यासाठीच रचलेली असते. 'क्रीडा', 'हवामान', 'मुख्य पान' असे लिहिलेले सारे दुवे मागणीच्या एकाच अर्जापाशी नेत असतील, तर ते वर्तमानपत्र नव्हे, दुकानाचा दर्शनी भाग होय. माथ्यावर परिचित दैनिकाचे नाव असले, तरी वरच्या पट्टीतील पत्ता अक्षर अन् अक्षर लावून वाचावा. पुष्कळदा तो भलताच असतो. तारीख पाहावी, तर ती कधीही पाहिली तरी आजचीच. संगणकाला वाचकाच्या गावाचा अंदाज येतो. त्यामुळे बेळगावच्या वाचकाला दिसणारी 'बेळगावची गृहिणी' इंदूरच्या वाचकाला इंदूरचीच वाटते. आणि खालचे अभिप्राय? सगळे एकमुखी स्तुतीचे! चार मराठी माणसे जमली आणि मतभेद झाला नाही, असे कधी घडले आहे काय?

आता चेहरा आणि आवाज यांचीही ग्वाही पुरत नाही. जानेवारी २०२४ मध्ये सचिन तेंडुलकर एका मोबाईल खेळाची शिफारस करीत आहे, अशी चित्रफीत पसरली. ती बनावट असल्याचे त्यालाच जाहीर करावे लागले. तेव्हा एखाद्या थोर व्यक्तीने अमुक योजनेत पैसे गुंतविल्याची 'बातमी' दिसली, तर तिच्यातील दुव्यावर न जाता, नेहमीच्या दैनिकात ती आली आहे काय, हे स्वतंत्रपणे शोधावे.

औषधांच्या बाबतीत प्रश्न केवळ पैशांचा राहत नाही. मधुमेह किंवा लठ्ठपणा बरा करण्याची ग्वाही देणाऱ्या जाहिरातींना आपल्याकडे १९५४ च्या कायद्याने मनाई आहे. जे जाहिरात म्हणून छापता येत नाही, ते बातमी म्हणून खपविले जाते. एखादा वृद्ध अशा वृत्तांतावर विसंबून इन्सुलिन बंद करतो, तेव्हा त्याचा जीवच धोक्यात येतो.

'नमुना विनामूल्य, फक्त टपालखर्च' हे शब्द दिसताच हात आखडता घ्यावा. त्या किरकोळ रकमेसाठी दिलेल्या कार्डाच्या क्रमांकावरून पुढे दरमहा पैसे वळते होऊ शकतात. क्रमांक देऊन झालाच असेल, तर बँकेला कळवून कार्ड बंद करावे. पैसे गेले असतील, तर १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर विनाविलंब तक्रार नोंदवावी. रक्कम पुढच्या खात्यांत पांगण्यापूर्वी ती अडविता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच अधिक असते.