फॅक्स गेला, पण पोचला का?



आजच्या भाषणाचा विषय अगदी साधा आहे. कचेरीतल्या फॅक्स यंत्रावरून कागद कसा पाठवावा आणि त्या बाबतीत लोक नेहमी कोणते प्रश्न विचारतात, एवढेच मी सांगणार आहे. हे ऐकून आपल्यापैकी कोणी म्हणेल, "अहो मास्तर, आता खिशातल्या मोबाइलवरून कागदाचा फोटो क्षणात जातो. त्या फॅक्सचे काय घेऊन बसलात?" प्रश्न रास्त आहे. फॅक्सचा जमाना बराचसा सरला, हे खरेच. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेने तर जानेवारी २०१९ पासून नवी फॅक्स यंत्रे विकत घ्यायलाच बंदी केली. पण आपल्याकडे कित्येक कचेऱ्यांच्या पत्राच्या मथळ्यावर दूरध्वनीच्या खाली फॅक्सचा क्रमांक अजून छापलेला दिसतो. आणि दुसरे असे, की फॅक्सच्या बाबतीत ज्या चुका होतात त्याच चुका आपण मोबाइलवर आणि ईमेलवरही करतो. म्हणून या जुन्या यंत्राकडून शिकण्यासारखे काही आहे.

मी मुंबईच्या उपनगरात राहतो. अंधेरी, बोरीवली, घाटकोपर, मुलुंड या भागांत पूर्वी स्टेशनाबाहेर पडले की पिवळ्या पाटीची टेलिफोनची दुकाने दिसत. पाटीवर ओळीने लिहिलेले असे, 'एसटीडी, आयएसडी, पीसीओ, झेरॉक्स, फॅक्स'. अंधेरीला सीप्झ १९७३ साली उभे राहिले, मरोळला औद्योगिक वसाहत झाली, मुलुंड-भांडुपकडे कारखाने होतेच. पण बँकांच्या आणि कंपन्यांच्या मोठ्या कचेऱ्या पुष्कळशा फोर्ट आणि चर्चगेट भागात. एक कागद पोचवायचा म्हणजे शिपायाने लोकल पकडायची, तासभर उभ्याने जायचे, तितकेच परत यायचे. फॅक्सने ते काम मिनिटावर आणले.

माझी फॅक्सशी पहिली ओळख मात्र अशी सुखाची नाही. २००६ साली मी उपनगरातल्या एका महाविद्यालयात नुकताच नोकरीला लागलो होतो. माझ्या वर्गात कोकणातून आलेला एक मुलगा होता, घाटकोपरला चाळीत काकांकडे राहणारा. एका संस्थेच्या शिष्यवृत्तीसाठी त्याचा अर्ज, गुणपत्रिका आणि उत्पन्नाचा दाखला असे चार कागद पाठवायचे होते. शेवटचा दिवस होता. हेडक्लार्क रजेवर होते. मी म्हटले, "आण इकडे, मी पाठवतो." कागद घातले, क्रमांक लावला, शिट्टी वाजली, चारही पाने झरझर आत गेली. यंत्रातून पोचपावती आली, तिच्यावर 'ओके' छापलेले. मी मुलाला म्हटले, "जा, तुझे काम झाले."

पंधरा दिवसांनी संस्थेचे पत्र आले. 'आपल्याकडून चार कोरी पाने मिळाली. मुदतीत अर्ज न आल्यामुळे विचार करता येत नाही.' मी कागद उलटे घातले होते. मुलगा एवढेच म्हणाला, "असू दे सर, बघतो मी काहीतरी." त्या वर्षी त्याने पहाटे वर्तमानपत्रे टाकून फी भरली. चूक माझी होती आणि पहाटेची पायपीट त्याची झाली. तेव्हापासून मी या यंत्राची माहिती करून घेतली. ती आपल्यापुढे प्रश्नोत्तराच्या रूपाने मांडतो.

पहिला प्रश्न असा, की फॅक्समध्ये कागद जातो कसा? अर्थातच कागद जात नाही, त्याची प्रतिमा जाते. यंत्र कागदावर प्रकाश टाकून त्याची एक एक बारीक ओळ पाहते आणि कुठे काळे, कुठे पांढरे, याची नोंद करते. १९८० साली ठरलेल्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे आडव्या एका मिलिमीटरमध्ये सुमारे आठ ठिपके मोजले जातात. कागदाच्या रुंदीभर एका ओळीत १७२८ ठिपके होतात. ही नोंद यंत्र आवाजाच्या रूपात टेलिफोनच्या तारेवर पाठवते. आपण ऐकतो ती शिट्टी आणि खरखर म्हणजे दोन यंत्रांचे आपसातले बोलणेच. पलीकडचे यंत्र ते ऐकून तसेच ठिपके कागदावर उमटवते. आपल्याला नवल वाटेल, पण ही कल्पना टेलिफोनहूनही जुनी आहे. अलेक्झांडर बेन नावाच्या स्कॉटिश घड्याळजीने १८४३ सालीच तिचे पेटंट घेतले आणि १८६५ साली फ्रान्समध्ये पॅरिस ते लिआँ अशी सेवा तारेवरून सुरूही झाली. टेलिफोन आला तो १८७६ साली.

दुसरा प्रश्न, कागद सुलटा घालावा की उलटा? याचे एकच एक उत्तर नाही, आणि इथेच माझ्यासारखे फसतात. काही यंत्रांत लिहिलेली बाजू खाली ठेवायची असते, काहींत वर. कागद घालण्याच्या जागी कोपरा दुमडलेल्या कागदाचे लहानसे चित्र असते, ते पाहावे. ते पुसले गेले असेल तर त्याच यंत्रावर आधी एका कागदाची प्रत काढून बघावी. अक्षरे उमटली तर बाजू बरोबर. याला अर्धे मिनिटही लागत नाही. दुसरी एक खूण सांगतो. पांढऱ्या जागेचा एकेक ठिपका यंत्र वेगळा सांगत बसत नाही, 'एवढे सगळे पांढरे' असे थोडक्यात सांगते. त्यामुळे कोरे पान फार लवकर जाते, दाट मजकुराचे पान वेळ घेते. तेव्हा भरगच्च लिहिलेली गुणपत्रिका झरझर निघून गेली तर खूश होऊ नका, शंका घ्या. त्या दिवशी मी खूश झालो होतो.

तिसरा प्रश्न शिक्षक मंडळी हमखास विचारतात. सही आणि शिक्का नीट का उमटत नाहीत? कारण यंत्राच्या लेखी बहुतेक सारे एक तर काळे, नाही तर पांढरे. पेन्सिलीचे लिखाण, फिकट निळी शाई, जांभळा गोल शिक्का हे यंत्राला पांढरेच वाटू शकते. उलट मळक्या झेरॉक्सची करडी छटा काळी होऊन अक्षरे गिळून टाकते. म्हणून पाठवायच्या कागदावर काळ्या शाईने ठळक लिहावे. मूळ कागद फिकट असेल तर त्याची गडद झेरॉक्स काढून ती पाठवावी. यंत्रावर 'फाइन' असे बटण असते, ते दाबले की उभ्या दिशेने दुप्पट ओळी पाहिल्या जातात. बारीक आकड्यांच्या गुणपत्रिकेला ते जरूर दाबावे. वेळ जास्त लागेल, पण तीनाचे आठ होणार नाहीत.

चौथा प्रश्न, क्रमांक बरोबर असूनही फॅक्स का लागत नाही? कारणे पुष्कळ असतात. कचेरीतल्या फोनला बाहेरची लाइन घ्यायला आधी शून्य किंवा नऊ दाबावे लागते, ते राहून जाते. गावाहून मुंबईला लावताना आधी ०२२ लावायचे, ते विसरते. कधी पलीकडे माणूस फोन उचलून "हॅलो, हॅलो" करीत बसतो. त्याला "फॅक्स टोन द्या" म्हणून सांगावे. पावसाळ्यात तांब्याच्या तारेत ओल शिरली की खरखर वाढते आणि यंत्राला यंत्राचे बोलणे नीट ऐकू येत नाही. मग पानावर पट्टे येतात किंवा अर्ध्यातच फोन तुटतो. अशा वेळी यंत्राचा वेग कमी करून पाहावा. आता पुष्कळ ठिकाणी तांब्याची तार जाऊन काचेच्या तंतूची लाइन आली आहे. तिच्यावर माणसाचे बोलणे स्वच्छ ऐकू येते, पण जुना फॅक्स कधी कधी अडखळतो, कारण आवाजाचे बारीक तुकडे करून पाठवताना एखादा तुकडा गळतो. आणि शेवटचे कारण सर्वांत साधे, छापलेला क्रमांकच बंद झालेला असतो. म्हणून फॅक्स लावण्यापूर्वी साधा फोन करून विचारावे, "आपले यंत्र चालू आहे ना?"

पाचवा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. पोचपावतीवर 'ओके' आले म्हणजे काम झाले का? नाही, श्रोतेहो. त्या 'ओके'चा अर्थ एवढाच, की पलीकडच्या यंत्राने आपल्या यंत्राचे म्हणणे घेतले. पान वाचता येते का, हे त्याला माहीत नाही. तिकडचा कागद संपला आहे का, आलेला फॅक्स योग्य टेबलावर गेला का, हेही त्याला ठाऊक नाही. आणि आकडा चुकला असेल तर आपला उत्पन्नाचा दाखला एखाद्या परक्याच्या यंत्रातून निघायचा, तरीही पावती 'ओके'च म्हणेल. तेव्हा पहिल्या पानावर कोणाकडून, कोणासाठी, एकूण पाने किती आणि आपला फोन क्रमांक हे लिहावे. पाठवून झाल्यावर फोन करावा आणि पाने नुसती आली का असे विचारू नये. "चौथ्या पानावरची शेवटची ओळ वाचून दाखवता का?" असे विचारावे. विचारायला संकोच वाटतो, पण त्या संकोचापायी कोणाचे तरी वर्ष जाऊ नये.

मोठ्यांच्या दरबारीही हेच आहे. २१ नोव्हेंबर २०१८ रोजी जम्मू-काश्मीरमध्ये मेहबूबा मुफ्ती यांनी सरकार स्थापनेचा दावा सांगणारे पत्र राजभवनाकडे फॅक्सने पाठवू पाहिले. ते तिकडे घेतलेच जात नाही, असे त्यांनी जाहीर केले. राज्यपाल सत्यपाल मलिक यांनी नंतर सांगितले, की ईदची सुट्टी होती, फॅक्सपाशी माणूस नव्हता. त्याच रात्री विधानसभा बरखास्त झाली. कोणाचे बरोबर, कोणाचे चूक, या वादात आपण पडू नये. यंत्रापाशी माणूस नसला तर कागद पोचत नाही, एवढेच आपण ध्यानात ठेवावे.

सहावा प्रश्न, फॅक्स कायद्याला मान्य आहे का? सर्वोच्च न्यायालयाने १९९९ साली एका खटल्यात याचे उत्तर दिले. बंगळूरच्या एका रेशीम निर्यातदाराला परदेशी कंपनीने दिलेले धनादेश वटले नाहीत. त्याने जून १९९६ मध्ये पैसे मागणारी नोटीस आधी फॅक्सने पाठवली आणि मग तीच रजिस्टर पोस्टानेही पाठवली. पोस्टाची नोटीस काही दिवसांनी पोचली. ती तारीख धरली असती तर ऑगस्टमध्ये केलेली त्याची फिर्याद मुदतीत बसत होती. न्यायालय म्हणाले, फॅक्सने दिलेली नोटीसही नोटीसच. मुदत त्या दिवसापासून मोजायची. फिर्याद उशिरा आली असे ठरले आणि ती टिकली नाही. म्हणजे फॅक्स हा पोरखेळ नव्हे, बरं का. तो पोचला की घड्याळ चालू होते. मात्र याचा अर्थ मूळ कागदाची गरज संपली असा नाही. जिथे सही-शिक्क्याची मूळ प्रत मागितली आहे तिथे फॅक्स म्हणजे नुसती वर्दी समजावी आणि मूळ कागद त्याच दिवशी पोस्टाने किंवा हाती पोचवावा.

शेवटचा प्रश्न, आलेला फॅक्स जपावा कसा? जुन्या यंत्रांत गुळगुळीत कागदाची गुंडाळी असते. त्यावर शाई नसते, उष्णतेने कागदच काळा होतो. उन्हाने, उबेने आणि काळाने ही अक्षरे विरून जातात. म्हणून असा फॅक्स आला की लगेच त्याची झेरॉक्स काढून ती फाइलला लावावी. आणि टिकावा म्हणून त्याचे लॅमिनेशन मात्र करू नये. त्या उष्णतेने सारा कागदच काळाठिक्कर पडतो. २००६ सालची ती 'ओके'ची पावती मी ठेवून दिली होती. आता ती नुसता पांढरा कागद झाली आहे.

श्रोतेहो, आपल्या देशातली तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. फॅक्सही एक दिवस जाईल. पण गावच्या शाळेतून तालुक्याला, तालुक्याहून मुंबईला कागद जातच राहतील, मग ते कोणत्याही साधनाने जावोत. कागद पाठवणारा बहुधा शिक्षक असतो, ग्रामसेवक असतो, कारकून असतो. आणि त्या कागदावर नाव मात्र दुसऱ्या कोणाचे तरी असते. म्हणून कागद नीट तपासून पाठवावा, पलीकडे फोन करून तो वाचून घ्यावा आणि मूळ प्रत आपल्यापाशी ठेवावी. पलीकडचा माणूस "हो, वाचता येतंय" असे म्हणेपर्यंत मुलाला "तुझे काम झाले" असे सांगू नये.