वाचलं किती, मुरलं किती?



विणेकरी, टाळकरी, डोईवर तुळस घेऊन चालणाऱ्या माउल्या आणि माय-बाप श्रोतेहो,

आपल्या दिंडीला शंभर वर्षं झाली. किती वाऱ्या झाल्या, किती पारायणं झाली, याचा हिशोब आज इतर मंडळी मांडतील. मी मात्र माझ्या वाचनातली एक चूक सांगायला उभा आहे.

ज्ञानेश्वरी मी तरुणपणापासून वाचतो. सप्ताहात ७ दिवसांत १८ अध्याय, सुमारे ९ हजार ओव्या. पारायणं बोटावर मोजायचो. एका वारीत वेळापूरच्या मुक्कामी बारावा अध्याय संपवून पोथी बांधत होतो. दिंडीतली एक म्हातारी जवळ येऊन बसली. तिला अक्षरओळख नव्हती. म्हणाली, "माउली, आज देव काय बोलला, सांगा की जरा." आणि मला काही सांगताच येईना! आत्ता वाचलेलं, पण तोंडावरून वाहून गेलेलं.

रात्री तोच अध्याय पुन्हा उघडला. भक्ताची लक्षणं सांगताना माउली म्हणतात, चांगल्याला धरावं आणि वाईटाला टाकावं, हे पृथ्वीला ठाऊकच नाही. पाणी गाईची तहान भागवतं, पण वाघासाठी विष होत नाही. लावणाऱ्याला आणि तोडणाऱ्याला झाड एकच सावली देतं. तिथं मी अडलो. बांधावरच्या हातभर जमिनीपायी सख्ख्या भावाशी माझं तीन वर्षं बोलणं बंद होतं. त्या तीन वर्षांतही दर पारायणात ह्या ओव्या मी खड्या आवाजात म्हटल्या होत्या. पृथ्वी सगळ्यांना धरून राहते, आणि मी तिच्या हातभर तुकड्यासाठी भाऊ सोडला होता.

वारीहून परतलो तो बुक्का आणि प्रसाद घेऊन त्याच्या दारात गेलो. बांधाचा वाद मिटायला पुढं दोन वर्षं लागली, पण बोलणं त्या दिवशीच सुरू झालं.

तेव्हापासून वाचायची रीत बदलली. सांगतो, पटली तर घ्या. सप्ताहाचं पारायण सोडू नका, ते सगळ्यांनी मिळून करायचं. घरचं वाचन मात्र थोडं ठेवा. रोज २५ ओव्या वाचल्या तरी वर्षात ग्रंथ पुरा होतो.

मोठ्यानं वाचा. शके १२१२ मध्ये नेवाशाला हा ग्रंथ श्रोत्यांपुढं सांगितला गेला, तो कानासाठीच आहे. नवव्या अध्यायाच्या आरंभी माउली श्रोत्यांकडे मागतात काय? धन नाही, विद्वत्ता नाही. फक्त अवधान, म्हणजे लक्ष.

शब्द अडला तर पुढं पळू नका. 'पढियंता' म्हणजे पुष्कळ पढलेला, असं मी कैक वर्षं धरून चाललो होतो. सार्थ प्रत पाहिली, तर अर्थ निघाला आवडता, लाडका. देवाचा पढियंता व्हायला नुसतं पढून भागत नाही, हे त्या दिवशी उमजलं.

मग एक ओवी निवडा आणि दिवसभर बरोबर न्या. औत हाकताना, भाकरी थापताना, बाजारात तोलमाप करताना ती आठवा. निजताना मनाला विचारा, आज ही ओवी मला कुठं भेटली? कुठं मी तिला पाठ दाखवली? उत्तर कडू निघालं तरी लपवू नका, कारण तिथूनच अर्थ उघडायला लागतो.

शके १५०६ मध्ये नाथमहाराजांनी ज्ञानेश्वरीची पोथी शुद्ध केली. अक्षरं त्यांनी शुद्ध करून दिली, आचरण शुद्ध करायचं काम आपल्याकडे राहिलं.

ती म्हातारी आज आपल्यात नाही. पण पोथी बांधायच्या आधी तिचा प्रश्न मला रोज ऐकू येतो. तुम्हीही घरातल्या एकाला, लेकराला, सुनेला, शेजाऱ्याला जवळ बसवा आणि दोन वाक्यांत सांगा, आज देव काय बोलला. सांगता आलं, तर वाचलं. नाही आलं, तर त्याच ओव्या उद्या परत वाचा. देवाला घाई नाही.

पुंडलिक वरदा हरि विठ्ठल!