भाव वाढला? नंबर घेऊन निघा

(जिल्हा बैठकीतील भाषणाचे शब्दांकन)



आज कापसाच्या भावावर बोलायचे नाही, खिशातल्या फोनच्या भावावर बोलायचे आहे. कोणी म्हणेल, शे-दोनशे रुपयांच्या रिचार्जसाठी बैठकीचा वेळ कशाला घालवता? हिशेब मांडतो, मग ठरवा.

३ जुलै २०२४ ला जिओ आणि एअरटेलने भाव वाढवले, ४ जुलैला व्होडाफोन आयडियाने. दिवस पेरणीचे. बियाण्या-खताच्या उधारीत कास्तकार गळ्यापर्यंत बुडालेला. जिओचा रोज दीड जीबीचा २३९ रुपयांचा रिचार्ज २९९ झाला. एका रिचार्जमागे ६० रुपये. हा रिचार्ज महिन्याचा नाही, २८ दिवसांचा आहे. म्हणून वर्षाला बारा नव्हे, तेरा रिचार्ज लागतात. तेरा साठे सातशे ऐंशी. २०२५-२६ चा मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव ७,७१० रुपये धरला, तर एका फोनची नुसती वाढ भरायला दहा किलो कापूस गेला. घरात दोन फोन असतील तर वीस किलो. तोही हमीभाव हाती पडला तर, आणि वेचाई वेगळीच.

गुढीपाडव्याला आपण सालदार ठेवतो. धान्य किती, रोख किती हे एकदा ठरले की वर्षभर तेच. भर पेरणीत मालक म्हणाला की पैसे कमी देतो, तर गाव त्याच्या तोंडावर थुंकेल. सालदारानेही मध्येच जास्त मागितले तर त्याला चार माणसे समजावतात. बोली ती बोली. मग फोनच्या कंपनीची बोली किती दिवसांची?

तिथेच मेख आहे. कंपनीने बोलीच २८ दिवसांची केली. जेवढ्या मुदतीचे पैसे तुम्ही भरले, तेवढ्या मुदतीत तिला भाव वाढवता येत नाही. ३ जुलैच्या आत ज्यांनी जुन्या भावाने रिचार्ज मारला, त्यांची मुदत जुन्याच भावाने पूर्ण झाली. वर्षाचे पैसे भरले असतील तर भाव वर्षभर बांधलेला. महिन्याच्या महिन्याला बिल येते त्या पोस्टपेडवाल्यांसाठी ट्रायचा, म्हणजे दूरसंचार नियामकाचा नियम आहे की प्लॅन घेतल्याच्या तारखेपासून सहा महिने त्यातला कोणताही दर वाढवायचा नाही. ग्राहकाला मात्र केव्हाही प्लॅन बदलता येतो, सोडता येतो. बांधलेली कंपनी आहे, तुम्ही नाही. हे दुकानदार सांगत नाही.

करार बदलण्याचा विषय निघालाच आहे तर कंपन्यांचाही इतिहास ऐका. १९९५ च्या सुमारास मोबाइल कंपन्यांनी मोठमोठ्या बोली लावून परवाने घेतले. ठरलेली फी पेलवेना. सरकारने १९९९ चे नवे धोरण आणले आणि ठरलेल्या फीऐवजी मिळकतीतला हिस्सा घेऊ असे म्हटले. करार चालू असताना बदलला. २०२१ मध्ये थकबाकी भरायला चार वर्षांची सवलत दिली. धंदा वाचवायला दिली असेल, मी त्यावर रागावत नाही. पण आपल्यासाठी करार कोणत्या बाजूने बदलतो? २०२५ च्या जूनमध्ये आपण पऱ्हाटी लावली ती कापसावर ११ टक्के आयातशुल्क आहे हे धरून. १९ ऑगस्टला सरकारने ते शुल्क उठवले, आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग डिसेंबरअखेरपर्यंत. वावरात पीक उभे असताना भावाची बोली बदलली. उभी पऱ्हाटी उपटून दुसऱ्या सरकारकडे पोर्ट करता येत नाही. फोनचा नंबर मात्र करता येतो!

ही सोय देशभर २० जानेवारी २०११ पासून आहे. त्याआधी कंपनी सोडायची म्हणजे नंबर सोडायचा. आज नंबर सोडणे म्हणजे सातबारा हरवण्यासारखे झाले आहे. बँकेचा मेसेज त्यावर, आधारचा ओटीपी त्यावर, पीकविमा त्यावर. सीसीआयला कापूस द्यायचा तर २०२५ पासून ‘कपास किसान’ ॲपवर नोंदणी लागते, तिलाही हाच नंबर. कंपन्यांना हे पक्के ठाऊक आहे. २०१८ च्या अखेरीस एअरटेलने ३५ रुपयांचा किमान रिचार्ज आणला, नाहीतर फोन नुसता ऐकायलाही बंद. वाढत वाढत २०२१ मध्ये ते ७९, मग ९९, आणि २०२३ मध्ये १५५ झाले. माणूस नंबर टाकणार नाही या भरवशावर हे चालते. म्हणून नंबर न टाकता कंपनी टाकायला शिकले पाहिजे.

ते असे. फोनवर मेसेज लिहायचा. इंग्रजीत ‘पोर्ट’ हा शब्द, एक जागा मोकळी, पुढे आपला दहा आकडी नंबर, आणि पाठवायचा १९०० ला. आठ अक्षर-आकड्यांचा कोड उलट येतो. आपल्याकडे तो चार दिवस चालतो. त्या चार दिवसांत आधारकार्ड घेऊन नव्या कंपनीच्या दुकानात जायचे आणि नवे सिम घ्यायचे. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात काम तीन कामकाजाच्या दिवसांत व्हायला हवे. स्वस्त रिचार्जमध्ये मेसेजची सोय नसते म्हणून कंपन्या हा मेसेज जाऊच देत नसत. डिसेंबर २०२१ मध्ये ट्रायने बजावले की रिचार्ज कितीचाही असो, पोर्टचा मेसेज गेलाच पाहिजे. पोस्टपेडवाल्यांनी आधी बिल भरून टाकावे, थकबाकीवर कंपनी अडवते. अनामत भरली असेल तर ती परत मागा. प्रीपेडवाल्यांचा उरलेला बॅलन्स आणि उरलेले दिवस बुडतात, म्हणून मुदत संपत आली की निघायचे.

आता घाई करणाऱ्यांसाठी. जुलै २०२४ मध्ये एअरटेलचे सुमारे १७ लाख, व्होडाफोन आयडियाचे १४ लाख आणि जिओचे साडेसात लाख ग्राहक कमी झाले. भाव न वाढवणाऱ्या बीएसएनएलकडे त्या एका महिन्यात २९ लाख वाढले. आनंदाची गोष्ट आहे, कंपन्यांना हीच भाषा कळते. पण नोव्हेंबर येता येता बीएसएनएलचीही संख्या घटू लागली. स्वस्त सिमला रेंज नसेल तर ते कशाला चाटायचे? एकदा गेलात की ९० दिवस तिथून हलता येत नाही, म्हणजे पेरणीपासून बोंडे धरेपर्यंत अडकलात. म्हणून आधी शेजाऱ्याचे सिम मागून घ्या. घरात, वावरात, धुऱ्यावर उभे राहून बोलून पाहा. मेळघाटातल्या भावांनी तर दोनदा पाहावे. बदलाच्या वेळी काही तास फोन बंद राहतो. कापूस नोंदणीच्या किंवा पीकविम्याच्या शेवटच्या आठवड्यात हा उद्योग काढू नका.

ज्यांना फोन फक्त बोलायला लागतो, आपल्यातले म्हातारे असे पुष्कळ आहेत, त्यांनी इंटरनेटचे पैसे भरूच नयेत. २३ डिसेंबर २०२४ ला ट्रायने नियम केला की फक्त बोलणे आणि मेसेज एवढाच रिचार्ज प्रत्येक कंपनीने ठेवला पाहिजे, आणि त्याची मुदत ३६५ दिवसांपर्यंत असू शकते. कंपन्यांनी तो जानेवारी २०२५ मध्ये आणला, पण भिंतीवरच्या जाहिरातीत तो शोधून सापडणार नाही. दुकानात नाव घेऊन मागा. कापसाचा पैसा हातात आला की वर्षाचा मारून ठेवा, तेवढे दिवस भाव बांधला.

आणि मुदत चालू असताना वाढीव पैसे कापले, किंवा पोर्ट अडवले, तर भांडण दुकानदाराशी करू नका, तो कमिशनवाला माणूस. कंपनीच्या तक्रार केंद्राला फोन करा आणि तक्रार क्रमांक लिहून घ्या. निकाल पटला नाही तर त्याच कंपनीत अपील आहे, त्याला फी नाही. तरीही नाही जमले तर अमरावती आणि अकोला दोन्हीकडे जिल्हा ग्राहक आयोग आहे. फोनची तक्रार तिथे चालत नाही असे कंपन्या सांगत असत. फेब्रुवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की चालते. जाताना रिचार्जचा मेसेज, कापलेल्या पैशाचा मेसेज आणि तो तक्रार क्रमांक, तिन्ही सोबत न्या. फोनमधले मेसेज पुसून टाकायची सवय असेल तर आधी कागदावर उतरवून घ्या, तारखेसह.