आधी नियम, मग डाव

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)



सुट्टी लागली की घरोघरी माळ्यावरचे कॅरम, ल्युडो, व्यापार खाली येतात आणि त्यांच्या पाठोपाठ भांडणही येते. ल्युडोत लागोपाठ तीन वेळा सहा पडले, तर ते दान बाद धरायचे की नाही? कॅरमची राणी घेतली, पण कव्हर मिळाले नाही, तर पुढे काय? एका घरात एक रीत, शेजारच्या घरात दुसरी. मग आजोबा म्हणतील ते खरे, नाहीतर ज्याचा पट त्याचे खरे. लिहिलेला नियम नसला की खेळातही बळी तो कान पिळी! म्हणूनच बैठ्या खेळांचे नियम नीट लिहिणे हा आजचा विषय.

कॅरमपुरते सांगायचे तर संघटनेने हा वाद मिटवलेला आहे. राणी घेण्याआधी आपली निदान एक सोंगटी गेलेली हवी. कव्हर त्याच किंवा लगेचच्या फटक्यात मिळायला हवे, नाहीतर राणी पुन्हा मध्यभागी. राणीचे गुण तीन, पण तुमचे २२ गुण झाले की तेही मिळत नाहीत. गेम २५ गुणांचा किंवा आठ बोर्डांचा. आता मुंबईचा खेळाडू आणि चेन्नईचा खेळाडू एकमेकांची भाषा न कळताही समोरासमोर बसू शकतात. अनोळखी माणसाला बरोबरीच्या नात्याने खेळता यावे, हेच नियमपुस्तिकेचे खरे काम.

खेळ मैदानी असला तरी पुण्याचे उदाहरण इथे सांगायलाच हवे. खो-खो गावोगाव खेळला जाई, पण ज्याच्या त्याच्या रीतीने. डेक्कन जिमखान्याने १९१४ मध्ये त्याचे नियम बांधले. पुढे त्यांत पुष्कळ सुधारणा झाल्या. पण सुधारायला आधी काहीतरी लिहिलेले असावे लागते. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, त्यात वीसहून अधिक देश उतरले.

बैठ्या खेळांचे नियम लिहिणारेही आपल्याकडे होऊन गेले. सतराव्या शतकातले नीलकंठ भट्ट हे मूळ पैठणच्या घराण्यातले, काशीला राहिलेले. त्यांचा ‘व्यवहारमयूख’ मुंबई इलाख्यातली न्यायालये हिंदू कायद्यासाठी प्रमाण मानत. त्याच नीलकंठांनी ‘नीतिमयूखा’त बुद्धिबळाची माहिती दिली आहे. औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, हरिकृष्ण शर्मा यांनी १८७१ मध्ये ‘क्रीडाकौशल्य’ रचले. त्यात अनेक बैठे खेळ आकृत्यांसह आहेत. पण ग्रंथ संस्कृतात. घरातल्या मुलांच्या हाती तो कसा पडणार?

सारीपाटाचे पाहा. चार पट्टे, प्रत्येकात चोवीस घरे, सोळा सोंगट्या, एवढे पट पाहूनही कळते. पण किती कवड्या उताण्या पडल्या म्हणजे किती दान, आणि कोणत्या दानाला पुन्हा खेळायचे, हे पट सांगत नाही. ते सांगणारी आजी गेली की मागे उरतो तो नुसता भरतकाम केलेला कपडा. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफाचेही तसेच. १२० पाने, दहा रंग. पाच रंगांत एक्का हलका, तर उरलेल्या पाचांत दश्शी हलकी. दिवसा सुरुवात रामाने, रात्री कृष्णाने. मग तिन्हीसांजेला बसलेल्या डावाचे काय? नियम लिहिणाऱ्याला हा प्रश्न आधी सुचायला हवा.

आता लिहायचे कसे? आपल्या मराठीत काही फसवे शब्द आहेत, त्यांना आधी ओळखा. ‘डाव’ म्हणजे आपली पाळी, आणि डाव म्हणजे सगळा खेळही. ‘डाव संपला’ म्हटल्यावर फासा पुढच्याला द्यायचा की पट आवरायचा? ‘परत’ म्हणजे पुन्हा, आणि परत म्हणजे मागेही. ‘घर’ म्हणजे एक चौकोन, आणि घर म्हणजे सोंगटी जिथे पिकते तेही. ‘सोंगटी हलवावी’ हा हुकूम की सल्ला? म्हणून सक्ती असेल तिथे ‘हलवलीच पाहिजे’ आणि मुभा असेल तिथे ‘हलवता येते’ असे लिहा. एकदा सोंगटी म्हटलेत तर शेवटपर्यंत सोंगटीच म्हणा. शाळेतल्या निबंधात शब्द बदलण्याचे गुण मिळत असतील. इथे मात्र वाचणारा गोटी वेगळी कुठे आहे, ते शोधत बसतो.

क्रमही ठरलेला ठेवा. जिंकतो कोण, हे पहिल्या वाक्यात. मग सामान किती आणि मांडायचे कसे. मग एका पाळीत काय काय करायचे. अपवाद त्यानंतर, आणि शेवटी खेळ संपतो केव्हा. ‘तीन घरे पुढे’ लिहिलेत, तर मोजणी पुढच्या घरापासून, हेही लिहा. शंभर शब्दांनी जे कळत नाही, ते खेळलेल्या एका पाळीच्या आकृतीने कळते.

सगळे लिहिता येणार नाही, हेही खरे. जागतिक बुद्धिबळ महासंघ तर आपल्या नियमांच्या सुरुवातीलाच सांगतो, की प्रत्येक प्रसंग नियमांत मावणार नाही. तिथे पंचाने तारतम्य वापरावे. घरात पंच नसतो. म्हणून एक ओळ जरूर घाला: वाद झाला तर दान पुन्हा टाकावे.

आणि मग परीक्षा. तो खेळ कधीच न खेळलेल्या दोघांच्या हाती कागद द्या आणि तोंड मिटून शेजारी बसा. ते जिथे अडतील, तिथे चूक कागदाची, त्यांची नव्हे. ते वाक्य बदला आणि नवे दोघे शोधा.

सारीपाट, चल्लस आठ यांची आपापल्या घराची रीत ज्यांना तोंडपाठ आहे, अशी माणसे आज घरोघरी थोडीच उरली आहेत. शंभर पानी वही घ्या, त्यांच्यापुढे बसा, आणि “हे तर सगळ्यांना ठाऊकच असतं” असे ते ज्याच्याबद्दल म्हणतील, नेमके तेच आधी लिहून घ्या.