आखूड रायफल आणि हरणाची शिकार



भारतात १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि १९९१ मधील त्याची दुरुस्ती यांनी शिकारीचे पर्व संपविले. स्कॉटलंडच्या डोंगराळ प्रदेशातील परिस्थिती मात्र निराळी आहे. तेथून लांडगा अठराव्या शतकापर्यंत नामशेष झाला आणि तांबड्या हरणाला माणसाखेरीज वैरी उरला नाही. कळप वाढले की कोवळी रोपे खाल्ली जातात व रान पुन्हा उगवत नाही. म्हणून १९५९ च्या कायद्याने हरणांसंबंधी स्वतंत्र आयोग स्थापन झाला, आणि आजही तेथे दरवर्षी हरणे मारून त्यांची संख्या मर्यादेत ठेवावी लागते. वारा तोंडावर घेऊन, ओल्या झुडपांतून सरपटत जनावराच्या जवळ जावयाचे आणि एकाच गोळीत त्याला यातनांविना संपवावयाचे, ही तेथील शिकाऱ्याची रीत होय. या कामी ‘बुलपप’ पद्धतीची रायफल कितपत उपयोगी आहे, याचा विचार आपण करणार आहोत.

नेहमीच्या रायफलीत काडतुसाची जागा चापाच्या पुढे असते. बुलपपमध्ये चाप पुढे येतो आणि सर्व यंत्रणा मागे, दस्त्यात जाते. त्यामुळे नळी तेवढीच राहूनही रायफल आठ-दहा इंचांनी आखूड होते. ही कल्पना जुनी आहे. ब्रिटनमध्ये १९०१ च्या सुमारास थॉर्निक्रॉफ्ट नावाची अशी बंदूक लष्कराने तपासली. परंतु तिचा धक्का फार आणि हाताळणी अवघड, म्हणून ती नाकारली गेली. पुढे १९७७ साली ऑस्ट्रियाच्या आणि १९८५ साली ब्रिटनच्या सैन्याने बुलपप रायफली स्वीकारल्या, तेव्हा शिकाऱ्यांचेही लक्ष तिकडे वळले.

तिचे गुण खरे आहेत. नळी कापून रायफल आखूड केली तर गोळीचा वेग घटतो. आणि स्कॉटलंडमधील १९८५ च्या आदेशानुसार हरणावर झाडावयाच्या गोळीला नळीच्या तोंडाशी सेकंदास किमान २,४५० फूट वेग असावा लागतो. बुलपपमध्ये वेग न गमावता लांबी वाचते. ब्रिटनमध्ये रायफलीला सायलेन्सर लावण्याचा प्रघात आहे. त्याने वाढलेली लांबी येथे भरून निघते. दाट लावलेल्या जंगलात, मोटारीतून चढता-उतरताना किंवा अरुंद मचाणावर वळताना ही सोय जाणवते.

आता दुसरी बाजू पाहू. चाप आणि यंत्रणा यांमध्ये लांब दांडी असल्याने चाप ओढताना तो पुष्कळदा जड किंवा अडखळता लागतो. सूक्ष्म नेमबाजीत हा दोष लहान नव्हे. १९८८ च्या कायद्याने ब्रिटनमध्ये हरणाच्या शिकारीस लागेल एवढ्या ताकदीच्या, आपोआप भरणाऱ्या रायफलींवर बंदी आली; साहजिकच खटका हाताने मागे-पुढे करावा लागतो. बुलपपमध्ये हा खटका गालापाशी असतो. दुसरी गोळी भरताना डोके उचलावे लागले, तर जखमी हरीण दुर्बिणीतून निसटते. रिकामे काडतूस तोंडाजवळून उडत असल्याने डावखुऱ्या माणसाला तर ही रायफल बहुधा गैरसोयीचीच.

आणखी एक धोका नवख्याच्या लक्षात येत नाही. पुष्कळ बुलपप रायफलींवर दुर्बीण नळीपासून बरीच उंच बसवावी लागते. उंचवट्यामागे पालथे पडून नेम धरला असता दुर्बिणीतून हरीण स्वच्छ दिसते. नळीच्या समोर मात्र दगड किंवा झुडूप असू शकते. गोळी त्याला घासून वाकडी जाते आणि जनावर पोटात किंवा पायात जखमी होऊन डोंगराआड पळते. मग अंधार पडेपर्यंत त्याचा शोध घेणे, हे शिकाऱ्याचे कर्तव्यच ठरते.

तेव्हा निष्कर्ष असा, की जंगलात व मचाणावर बुलपपचा आखूडपणा कामी येतो. उघड्या डोंगरावर, जेथे पालथे पडून दूरवर एकच गोळी झाडावयाची असते, तेथे जुन्या घडणीची रायफल अधिक भरवशाची. ज्याला बुलपपच वापरावयाची असेल, त्याने प्रथम निशाणावर पालथे, बसून आणि टेका देऊन भरपूर सराव करावा. मान न हलवता खटका फिरविण्याची सवय लावून घ्यावी. आणि प्रत्येक वेळी गोळी झाडण्यापूर्वी नळीच्या पुढची वाट मोकळी असल्याची खात्री करून घ्यावी. एवढे साधत नसेल तर त्याने हरणावर ती रायफल रोखू नये.