अरेबियाच्या नकाशावर आपलं गलबत

(निधी-संकलन कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)





निधी-संकलनाच्या कार्यक्रमात कॉम्प्युटर गेमवर भाषण! विषय ऐकून कार्यकारिणीतल्या दोघा-तिघांनी कपाळाला हात लावला. "अहो, समोर देणगीदार बसणार, काहीतरी भारदस्त घ्या!" आम्ही म्हटलं, दहा मिनिटं द्या. पटलं नाही, तर आजच्या जेवणातलं श्रीखंड आम्हाला वाढू नका.

आम्ही म्हणजे शनिवारच्या मराठी वर्गाचे चौघे पालक-शिक्षक. पूर्वी हा वर्ग शुक्रवारी असायचा. जानेवारी २०२२ पासून इथली सुट्टी शनिवार-रविवारवर गेली, तसा वर्गही सरकला. लहान मुलं बाराखडी गिरवतात, बडबडगीतं म्हणतात, त्यांची काळजी नाही. आठवी-नववीची मोठी मुलं मात्र शेवटच्या बाकावर कुजबुजत असतात. त्या वर्षी ही कुजबुज फारच वाढली. कान देऊन ऐकलं तर विषय होता ‘एज ऑफ एम्पायर्स २’.

आपल्यापैकी कित्येकांनी हा खेळ तरुणपणी खेळला असेल. तो १९९९ साली आला आणि २०१९ मध्ये नव्या रूपात पुन्हा आला. गाव वसवायचं, लाकूडफाटा गोळा करायचा, शेती करायची, सैन्य उभारायचं आणि समोरच्याला हरवायचं. प्रत्येकानं एक ‘सिव्हिलायझेशन’ निवडायचं. त्यात २०१३ पासून ‘इंडियन्स’ असा सगळ्या भारताचा एकच गठ्ठा होता. २८ एप्रिल २०२२ रोजी ‘डायनॅस्टीज ऑफ इंडिया’ हा नवा भाग आला आणि त्या एकाचे चार झाले: हिंदुस्तानी, गुर्जर, बंगाली आणि द्रविडियन्स. यातले द्रविडियन्स म्हणजे समुद्रावरचे लोक. त्यांच्या मोहिमेचा नायक राजेंद्र चोळ. तोच, ज्याच्या आरमारानं १०२५ च्या सुमारास थेट सुमात्राकडच्या श्रीविजय राज्यावर धडक मारली!

मुलं आधी खूश झाली. "सर, आपले लोक आले!" मग लगेच भांडणं. गुजराती शेजाऱ्याच्या मुलाची गुर्जरांमुळे कॉलर ताठ. एक मुलगी म्हणाली, "द्रविडियन्स हे काय राज्याचं नाव आहे का? ते तर भाषांच्या कुळाचं नाव!" (मुद्दा बरोबर होता. जगभरच्या खेळाडूंनीही तो काढला होता.) एकानं विचारलं, "आणि मराठे कुठेत?" त्याला सांगावं लागलं की बाबा रे, हा खेळ मध्ययुगाचा, शिवाजी महाराजांचं आरमार त्यानंतरचं.

पण खरी तक्रार वेगळीच होती. या खेळात सर्वांत जास्त खेळला जाणारा नकाशा कोणता, माहीत आहे? ‘अरेबिया’! मोकळं, कोरडं मैदान, घोडेस्वारांची दौड. आणि या समुद्री लोकांना चिलखती घोडेस्वार मिळतच नाहीत. त्यांच्याकडे ‘थिरिसदाई’ नावाची मोठी युद्धनौका आहे, मासेमारीत सवलत आहे, पण पाणीच नसेल तर ती घेऊन करायचं काय? पोरांनी निकाल देऊन टाकला: "पाण्यावर राजे, अरेबियावर कचरा."

वर्गातला एकच मुलगा हट्टानं तेच लोक निवडायचा. मूळचा रत्नागिरीचा. रोज हरायचा, रोज चिडवून घ्यायचा, पण निवड बदलायचा नाही.

त्या हिवाळ्यात त्याच्या वडिलांची नोकरी गेली. अशा वेळी व्हिसाची मुदत, घरभाडं, शाळेची फी, सगळं एकदम अंगावर येतं. इथं बसलेल्या कुणाला हे समजावून सांगायला नको. ती मंडळी परत जाणार हे पोरांच्या कानावर गेलं. आणि पुढच्या शनिवारी, हरलेल्या डावानंतर, कुणीतरी सहज बोलून गेलं, "ए, तुझे लोक अरेबियावर टिकतच नाहीत रे!"

बोलणाऱ्याच्या मनात खेळच होता. ऐकणाऱ्यानं मात्र दप्तर उचललं आणि तो निघून गेला. पुढचे दोन शनिवार आला नाही.

खरं सांगायचं तर त्याआधी आम्ही चौघांनी या खेळाकडे ‘काय ती टाइमपासची कटकट’ म्हणूनच बघितलं होतं. आता मात्र झोप उडाली. रागावून काय उपयोग? रागावलं तर पोरं गप्प बसतात, पटत नाही. म्हणून आम्ही त्यांना देऱ्याला घेऊन गेलो, खाडीच्या धक्क्यावर. जाण्याआधी त्या मुलाच्या घरी जाऊन त्यालाही गळ घातली. आई म्हणाली, "जा रे, निघायच्या आधी एकदा बघून तरी घे."

धक्क्यावर लाकडी जहाजं ओळीनं उभी होती, फ्रीज, टायर, कार्टनच्या थप्प्या लागल्या होत्या. तिथंच मुलांना सांगितलं, की हे शहर उभं राहिलं ते या पाण्यावर. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शेख मक्तूम बिन हशर यांनी व्यापाऱ्यांची जकात माफ केली, आणि समोरच्या इराणी किनाऱ्यावरच्या लिंगा बंदरातले व्यापारी इकडे येऊन स्थायिक झाले. इथले मोती मुंबईच्या बाजारात जायचे. १९६६ पर्यंत या किनाऱ्यावर चलन रुपयाच होतं! पोरांचा विश्वासच बसेना.

मग घोड्यांचा विषय काढला. "तुम्ही ज्या घोडेस्वारांची टिमकी वाजवता, त्यांचे घोडे यायचे कुठून?" दख्खनच्या सुलतानांना लागणारे अरबी घोडे होर्मुझसारख्या बंदरांतून जहाजात चढायचे आणि आपल्या चौल-दाभोळला उतरायचे. म्हणजे मैदानावरची दौडसुद्धा आधी कुणीतरी समुद्रावरून आणलेली! आणि आपला समुद्र फक्त व्यापाराचाही नव्हता. मुंबईत बोरिवलीजवळ एक्सरला वीरगळ आहेत, त्यांच्यावर वल्ह्यांच्या नौकांची लढाई कोरलेली आहे. तेराव्या शतकातली शिलाहार आणि यादव यांच्यातली ही लढाई असावी, असं अनेक अभ्यासक मानतात. महाराजांच्या आरमाराआधी चारशे वर्षं!

तो मुलगा काही बोलला नाही. जहाजांकडे बघत राहिला.

परत आल्यावर चिडवणाऱ्या पोरानंच सुचवलं, "आज अरेबिया नको, बेटांचा नकाशा घेऊ. आणि एकमेकांविरुद्ध नको, एका बाजूनं खेळू." आम्ही मागे खुर्च्या टाकून बसलो. त्या दिवशी आम्हालाही खेळातल्या तीन गोष्टी कळल्या. त्या सांगण्यासाठीच आज उभे आहोत.

पहिली: स्वतःच्याच धक्क्याशी व्यापार होत नाही. त्यासाठी दुसऱ्या खेळाडूचा धक्का लागतो. तो बुडाला की तुमचं जहाज रिकामं.

दुसरी: समोरचा धक्का जितका दूर, तितकं सोनं जास्त. शेजारच्या खाडीत फेऱ्या मारून फारसं हाती लागत नाही.

तिसरी गोष्ट चिडवणाऱ्या पोरालाच दिसली, आणि तो ओरडला, "अरे, तुझ्यामुळे माझी माणसं वाढली!" झालं होतं असं की या समुद्री लोकांचा एक फायदा त्यांच्या सगळ्या साथीदारांना मिळतो. प्रत्येक धक्क्यामागे पाच माणसांची जास्तीची सोय होते. एरवी त्यासाठी घरं बांधावी लागतात, इथं धक्काच घर होतो. इतके महिने सगळे एकमेकांविरुद्ध खेळत होते, म्हणून हे कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

मंडळी, त्या क्षणी आम्ही चौघे एकमेकांकडे बघत राहिलो. आपल्यापैकी बहुतेकांना पहिल्या महिन्यात कुणी ठेवून घेतलं होतं? कुणाच्या तरी हॉलमध्ये, खाली गादी टाकून झोपलो ना आपण? तो कुणाचा तरी धक्काच होता.

महिनाभरात ते कुटुंब रत्नागिरीला गेलं. जाताना मुलगा म्हणाला, "सर, आम्ही हरलो म्हणून चाललो नाही ना?" आम्ही म्हणालो, "नाही रे. आता आपला एक धक्का तिकडे झाला." तेव्हा हे त्याला धीर द्यायला म्हटलं होतं. पण पोरांनी ते खरं केलं. सुट्टीच्या रात्री पोरं इंटरनेटवर एकत्र खेळत राहिली, चौघं इकडे आणि एक तिकडे. तिकडचं नेट मधेच जायचं, मग इकडचे चौघे त्याच्या जहाजांची राखण करायचे. चिडवणारा पोरगा तर सुट्टीत त्याच्या घरी राहूनही आला. आज ती पोरं कॉलेजात आहेत. खेळ बनवणाऱ्यांनी मधल्या काळात या समुद्री लोकांमध्ये थोडीफार दुरुस्ती केली, अरेबियावर ते जरा बरे टिकतात म्हणे. आमच्या पोरांना आता त्याचं विशेष वाटत नाही. कुठल्या नकाशावर कुणाला तोलायचं, हे त्यांना कळलंय.

आजचा निधी नियमाप्रमाणे परवानगी असलेल्या संस्थेमार्फतच पुढे जाणार आहे, हिशोब सभासदांपुढे ठेवला जाईल. रक्कम ज्याची त्यानं ठरवावी. आमची विनंती एवढीच, की पाकिटात पैसे घालताना ‘आपण देतोय आणि ते घेतायत’ असं मनात आणू नका. दूरचा धक्का उभा राहिला, तर आपल्याही जहाजाला जायला जागा राहते. उद्या आपल्यापैकी कुणावर परतायची वेळ आली, तर तिकडे कुणीतरी दोर धरून उभं असेल.

श्रीखंडाचा निर्णय आता कार्यकारिणीवर सोडतो.